कमानीचा खिळा

पाऊस पत्र्यावर इतक्या जोरात वाजतोय की आबांचं बोलणं ऐकायला मला त्यांच्या खांद्यापाशी जाऊन उभं राहावं लागतं.

"बिट कुठं गेलं रं?" ते नातवाला विचारतात.

"आहे ना, स्पिंडलमध्ये. आत्ताच आवळलंय."

"तिथलं नाय. हितलं." आबांचं बोट मॉनिटरच्या काचेवर टेकतं. बोटाला सागाचा भुसा लागलेला; काचेवर पिवळट ठसा उमटतो.

नातू पडद्याकडे बघतो, मग माझ्याकडे. काळ्या पडद्यावर लाल तुटक रेघांची चौकट आहे. मशीन जिथवर पोहोचू शकतं, ती त्याची हद्द. आत तीन रंगांचे तीन छोटे अक्ष आहेत. ज्या टोकाने लाकूड कापायचं ते टोक मात्र चित्रात कुठेच नाही.

"काल होतं, काकू," तो म्हणतो. "काल इथे उलटा शंकू दिसत होता. मशीन हलवलं की तोही हलायचा. आज सकाळी मी टूलचा तक्ता नीट भरला, आणि शंकू गायब."

तक्ता रिकामा होता तेव्हा बिट दिसत होतं, भरल्यावर दिसेनासं झालं. हे मी मनात एका बाजूला ठेवून देते, कारण नातू तेवढ्यात फाईल उघडतोय आणि आबांचा जीव सगळा त्या फाईलमध्ये आहे.

कार्ला फाट्यावरून लेण्यांकडे वळलं की रस्त्याच्या डाव्या हाताला ही शेड आहे. दारातून दक्षिणेला एरवी लोहगड आणि विसापूर शेजारी शेजारी दिसतात. आज तिथे नुसता पांढरा पडदा आहे. समोरच्या खाचरात आवणी चालली आहे. बायका पाठीवर प्लास्टिकचे कागद बांधून ओळीने मागे सरकतायत. मधूनच लेण्यांच्या तोंडाशी देऊळ असलेल्या एकवीरेला निघालेली एखादी गाडी पाणी उडवत जाते. शेडच्या एका भिंतीला आबांची हत्यारं आहेत: रंधे, पटाश्या, करवती, गुण्या, दांडा झिजून मधे बारीक झालेली मोगरी. दुसऱ्या भिंतीला संगणकाच्या हुकुमावर लाकूड कापणारं मशीन. लोखंडी चौकट, वर पुढेमागे सरकणारा पूल, पुलावर बिट धरून फिरवणारं स्पिंडल. शेजारी जुना संगणक, ज्याच्या पाठीला प्रिंटरचं ते रुंद पोर्ट अजून आहे. त्याच पोर्टातून मोटारींना हुकूम जातात.

सॉफ्टवेअर लिनक्ससीएनसी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत, म्हणजे एनआयएसटीत, १९९०च्या दशकात सुरू झालेल्या एका कामातून ते वाढलं. पुढे जगभरच्या लोकांनी आपापला वेळ देऊन ते जिवंत ठेवलं, आणि आजही ते कुणालाही फुकट मिळतं. कार्ल्याच्या सुताराच्या शेडमध्ये ते चालतंय याचं मला मनापासून बरं वाटतं. पिंपरीच्या ज्या टूलरूममध्ये मी वर्षानुवर्षं काम केलं, तिथे सुरुवातीला पडद्यावर नुसती अक्षरं दिसायची, हिरवी. हत्यार कुठून जाईल हे बघायचं तर आम्ही हत्याराच्या जागी पेन बांधायचो, खाली कागद चिकटवायचो आणि मशीनकडून चित्र काढून घ्यायचो. १९५२ साली एमआयटीमध्ये आकड्यांच्या हुकुमावर चालणारं पहिलं मिलिंग मशीन दाखवलं गेलं, तेव्हा ते कागदी पट्टीवरची भोकं वाचून चालत होतं. आज नातवासमोर मशीन हलण्याआधीच सगळा मार्ग रेघांनी उमटतो. सॉफ्टवेअर फाईल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतं आणि बिटाचं टोक कुठून कुठे जाईल ते काढून दाखवतं. कापत जायचं तिथे पांढरी रेघ, नुसतं हवेतून जायचं तिथे निळसर.

काम आहे वर्सोव्याच्या एका कोळी घराच्या देवघराचं. नारळी पौर्णिमेच्या आत द्यायचंय. एकवीरा त्यांची कुलदेवी, म्हणून देवघराची दर्शनी फळी लेण्याच्या कमानीसारखी हवी असं त्यांचं सांगणं. फळी तयार आहे. पाच सागवानी फळ्या जोडून आबांनी ती दोन दिवस खपून केली आहे: ६०० मिलिमीटर रुंद, ७५० उंच, २५ जाड. सांधा कुठे आहे ते मला बोट फिरवूनही सापडत नाही. या फळीवर डाव्या खांबातून वर चढून, कमानीवरून वळून, उजव्या खांबाने खाली उतरणारी एक खोबण पाडायची आहे. ६ मिलिमीटर रुंद, ८ खोल. त्या खोबणीत वाकवलेली पट्टी उभी बसेल आणि कमानीला पुढे आलेली कड मिळेल. फळी एकच आहे.

फाईल उघडते. पडद्यावर डावा खांब उभा राहतो, सरळ, पांढरा. आणि कमान जिथून वळायला हवी तिथेच रेघ तुटते. वर काही नाही, उजवीकडे काही नाही. त्याच्यावर एक सूचना येऊन बसते.

"चौदाव्या ओळीपाशी अडलंय," नातू इंग्रजी वाचून मराठीत सांगतो. "कमानीच्या शेवटापर्यंतची त्रिज्या सुरुवातीच्या त्रिज्येशी जुळत नाही म्हणतंय. पहिली पाचशे. दुसरी चारशे बारा पॉइंट एकतीस."

"पाचशे?" आबा फळीकडे बघतात. "अरं, पाचशेची कमान हजार रुंद व्हईल. फळीच सहाशेची."

नातू फाईल मिटून पुन्हा उघडतो. तेच. संगणक बंद करून चालू करतो. आम्ही तिघंही गप्प बसून त्याचं चालू होणं बघतो. पुन्हा एकटा डावा खांब.

"फाईल चांगली आहे," तो जरा हट्टाने म्हणतो. "मुंबईच्या ज्या माणसाने करून दिली, त्याने स्वतःच्या मशीनवर हीच चालवलीय. मला व्हिडिओ पाठवलाय."

मला ते खरं वाटतं. त्याच्या मशीनवर चाललीच असेल. मी चौदावी ओळ मोठ्याने वाचायला सांगते.

"जी२ एक्स५०० वाय४०० आय३०० जे४००."

आबांना यातलं काही कळत नाही. मी सांगायला तोंड उघडते, पण त्याआधी नातूच सांगायला लागतो, आणि चांगलं सांगतो. जी२ म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिर. एक्स आणि वाय म्हणजे कुठवर जायचं. आय आणि जे म्हणजे गोलाचा मध्य कुठे आहे.

"म्हंजे खिळा," आबा म्हणतात.

ते उठतात. खिडकीच्या कट्ट्यावरून दोरीचा तुकडा घेतात, एक खिळा, कानावरची पेन्सिल. प्लायचा एक टाकाऊ तुकडा टेबलावर ठेवून त्यात खिळा ठोकतात. दोरीचं एक टोक खिळ्याला, दुसरं पेन्सिलीला. दोरी ताणून हात फिरवतात आणि प्लायवर एका दमात अर्धी कमान उमटते.

"कमानीला खिळा एकच. तो बरोबर तर कमान बरोबर. आता सांग, तुझ्या कागदात खिळा कुठं ठोकलाय?"

"तीनशे आडवा, चारशे उभा."

"कुठून तीनशे?"

नातू उत्तर देत नाही. पावसाचा आवाज तेवढा राहतो.

"फळीच्या कोपऱ्यापासून मोजलं का पेन्सिल टेकवली तिथनं?"

मी आबांकडे बघत राहते. हा प्रश्न मशीनच्या पुस्तकात दोन आकड्यांआड लपलेला असतो. जी९०.१ म्हणजे मध्य मूळ कोपऱ्यापासून मोजलेला आहे, जी९१.१ म्हणजे मध्य कमान जिथून सुरू होते त्या बिंदूपासून मोजलेला आहे. लिनक्ससीएनसीला वेगळं काही सांगितलं नाही तर ते दुसरी रीत धरून चालतं. मुंबईच्या माणसाचं मशीन पहिली धरत असणार. नव्या मुलांना हे शिकवताना मी फळ्यावर कितीतरी वेळा बाणांच्या आकृत्या काढल्या आहेत. दोरी आणि खिळा कधी नेले नाहीत.

नातू आता स्वतःच पेन्सिल घेऊन प्लायवर मांडतोय. कमान सुरू होते ती जागा कोपऱ्यापासून १०० आडवी, ४०० उभी. कोपऱ्यापासून मोजलं तर खिळा ३०० आणि ४००वर, म्हणजे दोन्ही खांबांच्या बरोबर मधे, त्रिज्या २००. नीट अर्धवर्तुळ. पण पेन्सिलीपासून मोजलं तर खिळा पेन्सिलीच्या आणखी ३०० उजवीकडे आणि ४०० वर. म्हणजे कोपऱ्यापासून ४०० आणि ८००वर.

"फळी साडेसातशेची," तो हळू आवाजात म्हणतो. "खिळा फळीच्या बाहेर गेला."

"हवेत ठोकला," आबा म्हणतात. "आणि तुझे पाचशे हे. तीनशे-चारशे-पाचशे. तीन-चार-पाच."

काटकोन तपासायला घर बांधणारे गवंडी आणि सुतार जे तीन-चार-पाच वापरतात, तेच. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला चार, तिरका पाच आला की कोपरा गुण्यात आहे. सूचनेतला पहिला आकडा आबांनी बसल्या जागी फोडला. दुसरा नातू फोनवर काढतो: त्या हवेतल्या खिळ्यापासून कमानीच्या उजव्या टोकापर्यंत १०० आडवे, ४०० उभे, तिरके ४१२.३१. एका खिळ्यापासून दोन दोऱ्या, एक पाचशेची आणि एक चारशे बाराची. अशी कमान कुणालाच काढता येत नाही, म्हणून सॉफ्टवेअरने रेघ तिथेच सोडली. काही मशीनं अशा वेळी अडत नाहीत. भलंमोठं वर्तुळ काढत सुटतात, आणि पडद्याकडे लक्ष नसेल तर ते वर्तुळ लाकडावर येतं. हे अडलं, हे चांगलं झालं.

खोबण प्रत्येक फेरीत २ मिलिमीटर, अशा चार फेऱ्यांत पडायची आहे. म्हणजे कमानीच्या ओळी चार. नातू आधी त्या चारही हाताने बदलायला निघतो; आय२००, जे०. मग थांबतो आणि फाईलच्या डोक्यावर एकच ओळ घालतो: जी९०.१. मी त्याला शेवटी जी९१.१ घालायला सांगते, कारण ही रीत एकदा बदलली की मशीन ती धरून बसतं आणि उद्याच्या दुसऱ्या फाईलचा खिळा आज लावलेल्या मापाने ठोकतं. तो घालतो. फाईल पुन्हा वाचायला लावतो.

कमान उमटते. डाव्या खांबावरून उठते, डोक्यावर गोल होते, उजव्या खांबावर उतरते. कडेला रुंदीचा आकडा येतो: ४००. आबा काही बोलत नाहीत. ते पडद्यासमोर, काचेला न शिवता, बोटाने कमानीवरून एकदा जाऊन येतात.

आता बिट. मी मघाशी बाजूला ठेवलेलं पुन्हा काढते.

"तक्त्यात काय लिहिलंस?"

"टूल एक. व्यास शून्य पॉइंट पंचवीस."

"कशातले?"

तो खिशातून बिटाचं रिकामं पाकीट काढतो. त्यावर पाव छापलेलं आहे, एक भागिले चार. पाव म्हणजे ०.२५, हे त्याचं बरोबरच आहे.

"पाव इंच," आबा म्हणतात. "दोन सूत."

सूत हे सुतारांचं जुनं माप, इंचाचा आठवा भाग. शेडमधला प्रत्येक सांधा आबांनी आयुष्यभर सुतात मोजला. नातू मिलिमीटरमध्ये शिकला. पाकीट इंचाचं आहे आणि मशीनची मांडणी मिलिमीटरची. तीन मापं एकाच टेबलावर आहेत, आणि तक्त्यातल्या आकड्यापुढे कुठलंच माप लिहिलेलं नाही.

व्यासाच्या जागी काही नसतं तेव्हा हे सॉफ्टवेअर नुसता शंकू दाखवतं, मार्गाच्या आकाराला शोभेल एवढा मोठा. म्हणून काल तो दिसत होता. व्यास मिळाला की ते शंकू सोडून त्या जाडीचा गोल दांडा काढतं, आणि त्याची उंची जाडीच्या चौपट धरतं. पाव मिलिमीटर जाड, एक मिलिमीटर उंच दांडा, ७५० मिलिमीटरच्या फळीवर.

"म्हणजे आहे तिथे?" नातू विचारतो. उत्तराची वाट न बघता माऊसचं चाक फिरवायला लागतो. लाल चौकट पडद्याबाहेर जाते. खांब पडद्याबाहेर जातो. अक्ष फुगत फुगत जातात. आणि त्यांच्या सांध्यापाशी एक काडी उभी दिसते, सुईपेक्षा बारीक.

"आहे! आबा, हे बघा, आहे!"

आबा चष्मा सारखा करून वाकतात. त्या काडीकडे दोघं डोक्याला डोकं लावून बघतात.

०.२५ गुणिले २५.४. नातू तक्त्यात ६.३५ लिहितो, जतन करतो, तक्ता पुन्हा वाचायला लावतो. चित्र लहान करतो. डाव्या कोपऱ्यात आता चांगला जाड दांडा उभा आहे. बाण दाबून तो मशीन थोडं उजवीकडे नेतो. पूल सरकतो, पडद्यावरचा दांडाही सरकतो. तो मागे टेकून बसतो. काम झालं, असं त्याच्या खांद्यांवरून दिसतं.

मला मात्र त्या आकड्याने टोचायला लागलंय. सहा पॉइंट पस्तीस.

"खोबण किती रुंद हवी?" मी विचारते.

"सहा."

तो स्वतःच थांबतो. चित्रात पांढरी रेघ आहे तशीच आहे. ती बिटाच्या मध्याची वाट आहे. बिट ६चं असो, ६.३५चं असो किंवा सुईएवढं असो, मध्याची वाट बदलत नाही, म्हणून रेघही बदलत नाही. बिटाची जाडी फक्त त्या दांड्यात आहे. तो दांडा दिसत नव्हता तोवर हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता.

व्हर्नियर लावून बघतो: ६.३५. पट्टी मोजतो: ६. नातू कोपऱ्यातून काल याच बिटाने खोबण पाडून बघितलेला तुकडा आणतो. आबा पट्टी त्यात बसवतात आणि अंगठ्याने हलवतात. पट्टी टक् टक् वाजते.

"०.३५ फक्त," नातू म्हणतो. "सुताचा नववा हिस्सा. आणि पावसात लाकूड फुगतंच की. भरून निघेल."

आबा मान हलवतात. त्यांचा आवाज चढत नाही, पण पावसावरून ऐकू येतो. "आज फुगलंय म्हणून भरल. हे देवघर मुंबईत राहणार. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की आक्रसल, आणि मग देवासमोर पट्टी वाजल. ढिलं ते ढिलंच. सरसानं भरलेला सांधा मी कुणाच्या घरात दिला नाय."

नातू वाद घालत नाही. डब्यातून ६ मिलिमीटरचं बिट शोधतो. त्याचा दांडाही ६चा, म्हणजे तो दांडा पकडणारं कॉलेटही बदलायला हवं. पाव इंचाच्या कॉलेटमध्ये ते आवळून चालणार नाही. दोन पाने लावून तो स्पिंडलचं नट सोडवतो, कॉलेट काढतो, आतला भुसा ब्रशने झाडतो, नवं बसवतो. व्हर्नियर: ६. तक्त्यात टूल एकसमोर ६, टूल दोनसमोर ६.३५. दोन्ही डब्यांवर मार्करने आकडा लिहितो, आणि या वेळी आकड्यापुढे 'मिमी'ही लिहितो.

बिट बदललं की त्याची लांबी बदलते, म्हणून फळीची वरची पातळी पुन्हा सांगावी लागते. तो फळीवर वहीचा कागद ठेवतो, बिट बारीक बारीक खाली आणतो आणि दुसऱ्या हाताने कागद ओढत राहतो. कागद अडतो. या जागेला शून्य म्हणायचं. पण आज तो शून्याऐवजी उणे ३० लिहितो. मशीनच्या लेखी फळी आता ३० मिलिमीटर खाली गेली आहे. ८ मिलिमीटर खोल शिरलं तरी बिट फळीच्या २२ वर असेल. पूर्ण काम आधी हवेत होईल.

स्पिंडल बंद ठेवून तो चालू करतो. पूल सरकतो. मोटारींचा सूर वेगाप्रमाणे चढतो-उतरतो; सरळ रेषेत एक सूर, वळणावर दोन मोटारींचे दोन सूर एकमेकांत. पडद्यावर पांढऱ्या रेघेवरून लालसर माग उमटत जातो: झालेलं लाल, व्हायचं पांढरं. पहिली फेरी उजव्या खांबाच्या पायथ्याशी संपते, बिट वर उचललं जातं आणि निळसर रेघेवरून सरळ डावीकडे परत येतं.

"थांब," आबा म्हणतात.

नातू थांबवतो.

आबा पडद्याकडे बघतच नाहीयेत. ते फळीच्या खालच्या कडेशी वाकले आहेत. तिथे मधोमध एक क्लॅम्प आहे, फळीवर चांगला बोटभर उंच आलेला. बिट आत्ता त्याच्या वरून गेलंय.

"आता तीस वर हाय म्हणून गेलं. खरं चाललं तर?"

खरं चाललं तर परतीला बिट फळीपासून फक्त ५ मिलिमीटर वर असेल, आणि क्लॅम्प २० उंच आहे. पडद्यावर ती निळसर रेघ अगदी मोकळ्या जागेतून जाते. फाईलमध्ये क्लॅम्पबद्दल एक अक्षर नाही, म्हणून चित्रातही क्लॅम्प नाही. नातू तो सोडवतो आणि दोन्ही बाजूंच्या कडांना दोन क्लॅम्प आवळतो, जिथे कुठलीच रेघ जात नाही. मी स्वतः चार पावलांवर उभी होते आणि मला तो दिसला नव्हता. मी पडदा बघत होते.

दुसरी फेरी कमानीच्या माथ्यावर पोहोचते आणि लाईट जाते.

सगळं एकदम गप्प होतं, पाऊस सोडून. पूल जिथे होता तिथे उभा. पडदा काळा. घरातून चहा येतो, आम्ही दारात पोत्यावर बसतो. ढग थोडा उचलला जातो आणि लेण्यांच्या डोंगराचा खालचा भाग दिसतो, त्यावरून उतरणारे पाण्याचे पांढरे दोर.

आबा लहानपणी त्या डोंगरावर गुरं घेऊन जायचे. चैत्यगृहाच्या छताला लाकडाच्या फासळ्या आहेत हे त्यांनी कुणी सांगण्याआधी पाहिलं होतं. सुमारे १४ मीटर उंच दगडी पोकळी, दोन्ही हातांना खांबांच्या रांगा, आणि वर दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेलं खरं लाकूड, एकामागे एक वाकवलेलं. त्या फासळ्यांवर छताचा भार नाही. डोंगर स्वतःच छत आहे. पण त्याआधीच्या इमारती लाकडाच्या असायच्या आणि कोरणाऱ्यांच्या डोळ्यांत तोच आकार होता, म्हणून दगडाच्या पोटातही त्यांनी लाकूड वाकवून लावलं. आपल्या देवघराच्या खोबणीत उभी राहणारी पट्टी त्याच फासळीची नात आहे, हे आबा सांगत नाहीत, मला वाटतं.

मी त्यांना सामीबद्दल सांगते. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ब्राह्मी अक्षरांत बरीच नावं आहेत. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी आहे, ज्याने हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचं कोरून ठेवलंय. गावोगावचे दाते आहेत, यवनही आहेत. आणि त्यांत धेनुकाकट गावचा एक सुतार आहे, वेणुवासाचा मुलगा सामी. दाराचं काम आपलं, असं त्याच्या नावाने कोरलेलं आहे. लेखात सुतारासाठी जो प्राकृत शब्द आहे तो वढकी. विदर्भात सुताराला अजून वाढई म्हणतात, तो त्याच घराण्यातला शब्द.

"सुताराचं नाव?" आबा विचारतात. "दगडावर?"

"दगडावर."

ते बराच वेळ डोंगराकडे बघतात. चहाची कपबशी हातात निवत राहते.

"मग त्यानं बी दोरी लावली असणार," ते म्हणतात.

लाईट येते. नातू संगणक चालू करतो. फळीचा कोपरा कुठे आहे हे सॉफ्टवेअरने लिहून ठेवलेलं असतं, पण पूल स्वतः कुठे उभा आहे हे त्याला आता माहीत नाही. म्हणून आधी तिन्ही अक्ष टोकाच्या स्विचला टेकवून यावे लागतात. टक्. टक्. टक्. मग तो टूल एक पुन्हा चढवतो, फाईल उघडतो. खांब, कमान, खांब. कोपऱ्यात ६ मिलिमीटरचा दांडा. कागद पुन्हा घेतो, पातळी पुन्हा बघतो, आणि या वेळी शून्य लिहितो.

स्पिंडलचा आवाज चढतो. आबा फळीवर तळवा ठेवून उभे आहेत, कापायच्या जागेपासून दूर. बिट लाकडात शिरतं आणि सागाचा तो तेलकट, ओलसर वास शेडभर पसरतो. डावा खांब. बिट वर चढतं, जिथे सकाळी रेघ तुटली होती त्या जागेवर येतं, आणि मोटारींचा दुसरा सूर सुरू होतो. नातवाचा हात लाल बटणावर आहे. माथा. उतार. उजवा खांब. वर उचलणं, मोकळ्या कडेवरून परत. पुन्हा दोन मिलिमीटर खाली.

चौथी फेरी संपते तेव्हा बाहेर अंधारून आलंय. नातू स्पिंडल थांबवतो, ब्रशने खोबण झाडतो. आबा पट्टीचा हातभर तुकडा घेतात आणि डाव्या खांबात बसवतात. बोटाने जात नाही. मोगरीचा एक हलका ठोका देतात, जाते. अंगठ्याने हलवून बघतात. आवाज येत नाही.

मग ते कानावरची पेन्सिल काढतात. फळीच्या खालच्या कडेपासून ४००, डाव्या कडेपासून ३००, फूटपट्टीने मोजून एक टिंब देतात. तिथे खिळा ठोकत नाहीत. दोरीचं टोक डाव्या अंगठ्याने त्या टिंबावर दाबून धरतात आणि पेन्सिलीचं टोक डाव्या खांबाच्या वर, खोबणीच्या मधोमध ठेवतात. दोरी ताणतात. हात हळूहळू फिरवायला लागतात. पेन्सिल खोबणीतून चढते, माथ्यावर येते, कुठेच कडेला न घासता पलीकडे उतरते, आणि उजव्या खांबाच्या तोंडाशी येऊन थांबते.